संसाराचा परवाना

लग्नगाठी स्वर्गात बांधल्या जातात, असं आपण म्हणतो. पण त्या जोडप्यानं राहायचं कुठं, हे पुष्कळदा सरकारी खिडकीमागचा माणूस ठरवतो. नवऱ्याचा पासपोर्ट एका देशाचा आणि बायकोचा दुसऱ्या देशाचा असला, की लग्नाच्या दाखल्याला आणखी एक कागद जोडावा लागतो. युरोपात या कागदाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. तिथं एकत्र राहण्याचा हा हक्क आला तो लग्नाच्या पावित्र्यातून नव्हे, तर मजुरांच्या गरजेतून.

१९५७ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोमचा करार केला. एका देशातल्या कामगारानं दुसऱ्या देशात विनाअडथळा कामाला जावं, हा त्याचा एक पाया होता. पण कामगार म्हणजे काही नुसते दोन हात नव्हेत. इटलीतून जर्मनीच्या कारखान्यात गेलेला माणूस बायकामुलांना मागं ठेवून किती दिवस राहणार? म्हणून १९६८ मध्ये नियम झाला, की अशा कामगाराला आपल्या जोडीदाराला जवळ आणता येईल, मग त्या जोडीदाराचं राष्ट्रीयत्व कोणतंही असो. हे शेवटचे शब्द मोलाचे होते. त्यांच्यामुळे भारत, मोरोक्को, नायजेरिया अशा देशांतल्या पती-पत्नींनाही युरोपीय कायद्याचं छत्र मिळालं.

मात्र त्यात एक मेख होती. हा हक्क सीमा ओलांडणाऱ्यासाठी होता. जो आपल्याच देशात राहिला, त्याला त्याच्याच सरकारचे नियम लागू. १९८२ मध्ये सुरीनामहून आलेल्या दोन पालकांनी हॉलंडमधल्या आपल्या डच मुलांजवळ राहण्यासाठी युरोपीय कायद्याचा आधार मागितला. लक्झेंबर्गच्या न्यायालयानं सांगितलं, की तुमच्या मुलांनी दुसऱ्या सदस्य देशात कधी कामच केलेलं नाही, तेव्हा हा कायदा तुम्हाला लागू होत नाही.

मग जो बाहेर गेला आणि परत आला, त्याचं काय? हा प्रश्न पुढं आला तो एका भारतीयामुळे. सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकानं १९८२ मध्ये ब्रॅडफर्ड इथं एका ब्रिटिश स्त्रीशी लग्न केलं. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि मग स्वतःचा व्यवसाय करायला ते ब्रिटनला परतले. पुढं दोघांचं बिनसलं. १९८७ मध्ये घटस्फोटाचा प्राथमिक हुकूम झाला आणि सरकारनं सिंग यांची राहण्याची मुदत तोडली. वर्षभरानं हद्दपारीचा निर्णयही झाला. सरकारचं म्हणणं असं, की ही बाई मायदेशी परतली ती ब्रिटिश नागरिक म्हणून, तेव्हा तिच्या नवऱ्याला ब्रिटनचाच कायदा लागू.

७ जुलै १९९२ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयानं हे अमान्य केलं. त्याचा युक्तिवाद अगदी व्यवहारी होता. परत येताना आपल्या जोडीदाराला दारातच अडवतील, अशी धास्ती असेल, तर मुळात कोण घर सोडून परदेशी कामाला जाईल? म्हणून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला निदान तितके हक्क हवेत, जितके दुसऱ्या सदस्य देशात मिळाले असते. घटस्फोट त्या वेळी अंतिम झालेला नव्हता, त्यामुळे त्याचाही सिंग यांच्या हक्काला बाध आला नाही.

२००४ च्या युरोपीय निर्देशानं हे विखुरलेले हक्क एकत्र केले. जोडीदाराला व्हिसा मोफत आणि लवकर द्यायचा, निवासाचं कार्ड सहा महिन्यांच्या आत द्यायचं, आणि सलग पाच वर्षं राहिल्यावर कायम वास्तव्याचा हक्क. घटस्फोटामुळे माणूस उघड्यावर पडू नये म्हणूनही तरतूद झाली. लग्न किमान तीन वर्षं टिकलेलं आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलेलं असेल, तर काही अटींवर हक्क शाबूत राहतो. नुसत्या कागदोपत्री लग्नाला मात्र थारा नाही.

देशोदेशींची सरकारं आपले नियम कडक करू लागली, तशी ही वाट रहदारीची झाली. डेन्मार्कनं २००२ मध्ये दोघांचंही वय किमान २४ हवं, अशी अट घातली. मग कित्येक डॅनिश नागरिकांनी पलीकडच्या माल्मोत, म्हणजे स्वीडनमध्ये, संसार थाटला. ब्रिटननं २०१२ मध्ये परदेशी जोडीदार आणणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला वर्षाला १८,६०० पौंड मिळकतीची अट लावली. २०२४ मध्ये ती २९,००० पौंड झाली. त्या काळात गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेल्या कामगाराला ही अट नव्हती. तो युरोपीय कायद्यानं आपल्या भारतीय बायकोला आणू शकत होता. शेजारचा ब्रिटिश कामगार मात्र पगाराच्या पावत्या मोजत बसे. म्हणून काही ब्रिटिश जोडपी आयर्लंडला जाऊन राहिली, तिथं नोकरी केली आणि सिंग यांच्या निकालाचा आधार घेऊन परतली. नुसत्या सुट्टीच्या सहली यासाठी चालत नाहीत, तिथं खरोखर बिऱ्हाड हवं, हे न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं.

२०२० अखेर ब्रिटन युरोपीय कायद्याबाहेर पडलं आणि नव्या जोडप्यांसाठी तिथली ही वाट बंद झाली. उरलेल्या सदस्य देशांत ती आहे. पण मूळची विसंगतीही आहेच. घराबाहेर पडलेल्याला युरोप सांभाळतो, घरीच राहिलेल्याला त्याचं सरकार तोलतं. बाजारपेठेच्या सोयीसाठी केलेल्या नियमानं हजारो संसार सावरले, हे खरं. पण आपल्या माणसाबरोबर आपल्याच देशात राहता यावं म्हणून आधी देश सोडावा लागणं, हा काही न्याय नव्हे.