झेल्डाची परंपरा नेमकी कोणती?

निन्टेंडो या जपानी कंपनीची 'द लेजंड ऑफ झेल्डा' ही व्हिडिओ गेमची मालिका १९८६ सालापासून चालू आहे. २०१७ साली आलेल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने तिचा साचाच बदलला आणि तेव्हापासून जुने खेळाडू म्हणत आहेत, मालिका पुन्हा परंपरेकडे वळवा. मागणी मला बरीचशी पटते. पण परंपरा कोणती, हे आधी पाहू.

पहिला गेम रचला शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी. मियामोतोंचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावात, रानात आणि गुहांत हिंडण्यात गेले. गेम सुरू होतो तेव्हा लिंक नावाचा मुलगा मोकळ्या जागी उभा असतो. शेजारी गुहा. आत शिरलात तर एक म्हातारा तलवार देतो. न शिरता पुढे गेलात तरी कोणी अडवत नाही. नऊ भुयारे कुठे आहेत, ते आपणच शोधायचे. थोडक्यात, घराण्याचा मूळ पुरुष चांगलाच भटक्या होता!

आज जिला परंपरा म्हणतात, ती नंतरची. १९९१चा 'अ लिंक टू द पास्ट' आणि १९९८चा 'ऑकॅरिना ऑफ टाइम' यांनी ती घडवली. भुयारात शिरायचे, तिथे एखादे नवे अवजार मिळवायचे, बहुधा त्यानेच तिथल्या राक्षसाला हरवायचे आणि बाहेर येऊन आजवर बंद असलेली वाट त्याच अवजाराने उघडायची. 'ऑकॅरिना'च्या भुयारांची रचना करणाऱ्यांत एजी आओनुमा होते. कलेचे शिक्षण घेताना ते लाकडाच्या यांत्रिक बाहुल्या करीत, आणि त्यांच्या भुयारांत मला तीच कारागिरी दिसते. त्यातले जलमंदिर पाहा. पाणी तीन पातळ्यांवर चढवायचे-उतरवायचे. दर वेळी तीच इमारत निराळी होते. बुडण्यासाठी लोखंडी बूट घालायचे, तर प्रत्येक वेळी गेम थांबवून मेनू उघडावा लागे. खेळाडू वैतागले. २०११च्या थ्रीडीएस आवृत्तीत ते सोपे केले गेले. पण सर्वांत जास्त शिव्या खाल्लेले हे मंदिर आजही लोकांच्या तोंडी आहे, हे विसरून चालणार नाही.

पुढे साचा जड झाला. २०११च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये तर सोबतची फाय पावलोपावली समजावत बसते. तोवर मालिकेचे निर्माते झालेल्या आओनुमांनी जानेवारी २०१३मध्ये जाहीर केले की, ठरलेल्या क्रमाने भुयारे पार करण्याची रूढी आता तपासून पाहायची. त्याच वर्षीच्या 'अ लिंक बिटवीन वर्ल्ड्स'मध्ये बहुतेक अवजारे दुकानात भाड्याने मिळू लागली. हरलात की ती परत जात. क्रम सुटला, पण भुयारे मात्र घोटीव राहिली. या छोट्या गेमची आठवण फारशी कोणी काढत नाही, हे मला खटकते.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये मुख्य शक्ती सुरुवातीच्या पठारावरच हाती पडतात. तिथून सरळ शेवटच्या शत्रूवरही चालून जाता येते. १२० छोटी देवळे आणि चार अजस्र यांत्रिक प्राणी, एवढीच जुन्या भुयारांची खूण. २०२३च्या 'टिअर्स ऑफ द किंग्डम'मध्ये मंदिरे परतली खरी, पण आपणच फळ्या-चाके जोडून यंत्र बनवायचे आणि कोडे ओलांडून जायचे, ही मुभा तिथेही आहे. मजा येते, यात शंका नाही. मात्र रचनाकाराने काय योजले होते, ते कळायच्या आतच आपण पलीकडे पोहोचलेले असतो.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. तेव्हा कंपनी १९९८कडे परत जाईल, अशी आशा मी धरत नाही, आणि बाहेरचे मोकळे रान काढून घ्या असेही म्हणणार नाही. ते तर १९८६चेच आहे. पुढच्या गेममध्ये चार-पाच भुयारे मात्र अशी असावीत, की आत जाताना बाहेरची यंत्रे दारातच ठेवावी लागतील आणि सुटकेची युक्ती आतच शिकावी लागेल. कोणते आधी, हे खुशाल खेळाडूने ठरवावे.