तिसरा रकाना

आमच्या हैदराबादच्या घरी अण्णांची एक वही आहे. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार खतावणीला वापरतात तसली. पानोपानी पट्टीने आखलेले तीन रकाने आहेत आणि त्यांवर मथळे घातले आहेत: ‘लक्षण’, ‘उपाय’, ‘खरे कारण’. पहिली नोंद ऑगस्ट १९७४ ची. सगळ्या नोंदी एकाच मोटारीच्या आहेत. १९६४ सालची, दोन दारांची, मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड. अण्णांनी ती १९६९ साली जुनी विकत घेतली. आज ती माझ्या दारात उभी आहे आणि बहुतेक वेळा चालतेही.

इतिहास म्हटला की आपण निजामाच्या पिवळ्या रोल्स रॉइसकडे बोट दाखवतो. ती चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली. पण ऑगस्ट १९११ मध्ये ते वारले आणि गाडी आली ती त्यांच्या मुलाच्या, उस्मान अली खानांच्या, कारकिर्दीत. सिंहासनासारखी बैठक असलेली ती गाडी केवळ समारंभापुरती बाहेर निघे. जी गाडी फारशी चाललीच नाही, ती फारशी बिघडणार तरी कशी? मला सांगायचा आहे तो बिघडणाऱ्या गाड्यांचा इतिहास. तो राजवाड्यात सापडत नाही, असल्या वह्यांमध्ये सापडतो.

हेराल्ड दुरुस्त करणे घरच्या घरी जमते, यालाही एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक कारखाने चॅसी आणि बॉडी एकसंध असलेल्या मोटारी करू लागले. इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीलाही तेच करायचे होते. परंतु त्यांच्या बॉड्या तयार करणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ साली प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली आणि पुढच्या कामाचा मार्ग बंद झाला. मग हॅरी वेबस्टर या त्यांच्या मुख्य अभियंत्याने जुन्या पद्धतीची स्वतंत्र लोखंडी चॅसी घेतली आणि तिच्यावर वेगवेगळे भाग बोल्टांनी जोडायचे ठरवले. रूप दिले इटलीतल्या तुरिन शहरच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी. १९५९ साली हेराल्ड बाजारात आली. तीन वर्षांनी याच चॅसीची लांबी कमी करून त्याच कंपनीने ‘स्पिटफायर’ ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे आमची गाडी नात्याने स्पोर्ट्स कारची थोरली बहीण. वळायला तिला जेमतेम पंचवीस फूट जागा लागे. सुलतान बाजारच्या गल्लीत अण्णा ती एका दमात उलट फिरवीत, तेव्हा शेजारची पोरे टाळ्या पिटत.

एका कंपनीची अडचण अशी दुसऱ्यांच्या पथ्यावर पडली. तुकड्यांनी जोडलेली गाडी परदेशात नेऊन जुळवायला सोपी. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती इथे काढायला सुरुवात केली. पुढे चार दारांची हेराल्डही आली; ती फक्त भारतातच झाली. त्या काळी नवी मोटार घ्यायची म्हणजे कलकत्त्याची अँबॅसडर, मुंबईची फियाट किंवा मद्रासची हेराल्ड, आणि तिन्हींसाठी परवाना-नियंत्रणाच्या राज्यात वर्षानुवर्षे नंबर लावून बसायचे. नवी मिळत नाही म्हणून जुनी जपायची, सुटा भाग मिळत नाही म्हणून तोच सांधायचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तोवर हा शिरस्ता चालला. हेराल्डचे बॉनेट बाजूच्या मडगार्डांसकट पुढच्या अंगाला उघडते. मग इंजिन, पुढची चाके, स्टिअरिंग सारे उघड्या संदुकीसारखे समोर येते आणि माणूस टायरवर बसून काम करू शकतो. अण्णा तसे बसत. पण ते बसायला लागले ते १९७४ नंतर.

त्या वर्षीच्या मे महिन्यात देगलूरहून तार आली की आबा अत्यवस्थ आहेत. आमचे मूळ घर देगलूरचे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटले गेले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसुरात, आणि हैदराबाद आंध्रात. अण्णा सरकारी नोकरीत होते. ते हैदराबादेतच राहिले. आबांना ते मनापासून रुचले नव्हते. ‘गाव एका राज्यात नि लेक दुसऱ्या राज्यात,’ असे ते म्हणत. अण्णा त्यावर म्हणत, ‘आबा, सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला येतो.’ मोटार घेतली तेव्हा हा वाद मिटल्यासारखा झाला होता.

तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सातला आम्ही निघालो. संगारेड्डी सोडून थोडे पुढे गेलो तोच गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. अण्णांना कुणीतरी सांगून ठेवले होते की उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होते आणि पंप अडतो. त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा भिजवून पंपावर टाकला. अर्ध्या तासाने गाडी लागली. जोगीपेठेपुढे पुन्हा तेच, पिटलमच्या अलीकडे पुन्हा तेच. दर वेळी ओला कपडा, दर वेळी अर्धा तास, आणि दर वेळी गाडी लागायची. साडेबाराला पोचायचे ते आम्ही अडीचला पोचलो. आबा दीडला गेले होते.

अण्णा त्याबद्दल काही बोलले नाहीत. परत आल्यावर त्यांनी एका गॅरेजात टाकी धुऊन घेतली, पंप बदलून घेतला. उन्हाळा संपला, पाऊस सुरू झाला, तरी रोग जाईना. तेव्हा कचेरीतल्या एकाने काचीगुड्याच्या एका उस्तादाचे नाव सांगितले.

या उस्तादांचे वडील निजाम सरकारच्या रेल्वेच्या मोटार खात्यात फिटर होते. हैदराबाद संस्थानात जून १९३२ मध्ये रेल्वेनेच सरकारी बससेवा सुरू केली. सुरुवातीला बसगाड्या सत्तावीस आणि माणसे एकशे सहासष्ट. सरकारने स्वतः बस चालवण्याचा आपल्या देशातला हा अगदी आरंभीचा प्रयोग. रेल्वेचे खाते असल्याने शिस्तही रेल्वेची: कुठला भाग कधी काढला, कधी बसवला, याची टिपणे ठेवायची. मुलगा शाळेत फार शिकला नाही, पण बापाची ती शिस्त त्याने उचलली होती.

उस्तादांनी गाडीला हात लावला नाही. इंजिन चालू ठेवून चहा मागवला. पंचविसेक मिनिटांनी ते आपसूक बंद पडले, तेव्हा उठले. पंपाच्या काचेच्या वाटीत पाहिले. ती भरलेली होती. नळी सोडून पंपाची छोटी दांडी हाताने हलवली. पेट्रोलची धार आली. ‘पेट्रोल तो हैच साब,’ ते म्हणाले, ‘अब करंट देखिंगे.’ एक प्लग काढून तारेला जोडला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि इंजिन फिरवले. निळी, कडकडीत ठिणगी पडायला हवी. पडली ती पिवळी, मरतुकडी. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले तर पॉइंट जळून खडबडीत झालेले. त्यांनी पॉइंट घासले, आतला कंडेन्सर काढला, डब्यातला दुसरा लावला. इंजिन तापलेलेच होते. गाडी तत्क्षणी लागली.

अण्णा खिशात हात घालू लागले, तर उस्ताद म्हणाले, ‘जरा ठैरो साब. एक बार चली तो तुक्का. उलटा करके भी देखना.’ त्यांनी तोच जुना कंडेन्सर गरम इंजिनावर परत बसवला. गाडी मेली. नवा घातला, जिवंत झाली. मग त्यांनी तो जुना तुकडा अण्णांच्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची नळी, किंमत दोन-तीन रुपये. गरम झाली की आतून गळायची, थंड झाली की सावरायची.

अण्णांनी विचारले, ‘मग ओल्या कपड्याने गाडी लागत कशी होती?’

‘कपडे से नई लगी साब. वो आधा घंटा ठैरे ना, उससे लगी.’

त्या रात्री अण्णांनी वही आखली. पहिली नोंद अशी: ‘लक्षण: गरम झाल्यावर बंद. देगलूर रस्त्यावर तीनदा. उपाय: पंपावर ओला कपडा. व्यर्थ. खरे कारण: कंडेन्सर.’ आबांचा उल्लेख नाही. पण पुढची बावीस वर्षे दर रविवारी सकाळी अण्णा त्या टायरवर बसलेले मी पाहिले आहेत. पॉइंटची फट फीलर गेजने तपासायची, इंची मापात पंधरा हजारांश, प्लगची पंचवीस. पहिले, तिसरे, चौथे, दुसरे, हा सिलिंडरांचा क्रम आम्हा भावंडांना पाढ्यांआधी पाठ झाला.

वहीतली आणखी एक नोंद सांगण्यासारखी आहे. हेराल्डच्या पुढच्या चाकांमागे, खालच्या अंगाला एक पितळी सांधा असतो. आटे असलेल्या दांड्यावर तो फिरतो आणि चाक वळते. त्याला ट्रुनियन म्हणतात. इतर गाड्यांच्या सवयीने बहुतेक मिस्त्री त्यात ग्रीस भरत. ग्रीस सुकते, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरते, दांडा गंजतो आणि एके दिवशी वळणावर तुटून चाक आडवे होते. कंपनीचे म्हणणे होते की तिथे गिअरचे घट्ट तेल घाला. उस्तादांना ते ठाऊक होते. १९७९ ची नोंद आहे: ‘लक्षण: स्टिअरिंग जड. उपाय: हवा वाढवली, व्यर्थ. खरे कारण: डावे ट्रुनियन, ग्रीस.’ काढलेला दांडा अण्णांनी ठेवून दिला. त्याचे आटे उंदराने कुरतडल्यासारखे झाले आहेत. त्या आठवड्यात आम्ही सहाजण त्याच गाडीतून देगलूरला जाणार होतो.

बदली दांडा मिळाला तो जुम्मेरात बाजारात, भंगारात. त्या बाजाराची आणि त्या गॅरेजची भाषा दखनी. अण्णा मराठीतून विचार करीत, उस्ताद दखनीतून उत्तर देत, हाताखालचा पोऱ्या तेलुगूत पुटपुटे, आणि काम अडत नसे. ‘नक्को’ हा आपलाच ‘नको’. ‘हैच’, ‘वहींच’ यांतला ‘च’ही मराठीतून दखनीत गेलेला आहे. आपल्या बाजूला पाहिले तर ‘उस्ताद’, ‘मिस्त्री’, ‘मरम्मत’ हे शब्द देगलूर-उदगीरच्या माणसाला परके वाटत नाहीत. १९५६ साली राज्ये वाटली, २०१४ साली तेलंगण वेगळे झाले. मद्नूरच्या बाजारात मात्र अजून मराठी ऐकू येते आणि पलीकडे देगलूरला तेलुगू. सीमाभागात राहणाऱ्या वाचकांना हे मी काय सांगावे? सांगायचे एवढेच की हे ज्ञान कुठल्या एका भाषेतल्या पुस्तकातून आमच्याकडे आले नाही. ते तीन भाषांतून, हातातून हातात आले. उस्ताद गेले, त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली, आणि त्यांच्या डोक्यातले जे अण्णांनी टिपले नाही ते गेले ते गेलेच.

इतिहासाच्या पुस्तकांतही मला हल्ली ओले कपडे फार दिसतात. एखाद्याने काही केले, मग काही घडले. म्हणून त्याच्यामुळेच घडले असे आपण लिहून मोकळे होतो. उलटे करून पाहायची सोय इतिहासात नाही, हे खरे. पण निदान तिसरा रकाना कोरा ठेवण्याची सोय आहे. अण्णांच्या वहीत एकूण नोंदींपैकी निम्म्याअधिकांचा तिसरा रकाना कोरा आहे. गाडी दुरुस्त झाली, कारण कळले नाही. तर त्यांनी लिहिले नाही.

गेल्या वर्षीपासून वहीत तिसरे हस्ताक्षर आले आहे, माझ्या मुलीचे. गाडीतून पेट्रोलचा वास येऊ लागला आणि नवलाची गोष्ट म्हणजे इंजिनातले ऑइल वाढू लागले. ऑइलची पट्टी काढून तिने हुंगली. तिलाही पेट्रोलचा वास. पंप उघडला तेव्हा आतला रबरी पडदा चिरलेला निघाला. पेट्रोल त्यातून खाली ऑइलमध्ये उतरत होते. नवा पडदा मिळणे अवघड नाही. स्पिटफायर आणि हेराल्डचे पुष्कळ भाग इंग्लंडमध्ये अजूनही नव्याने तयार होतात. पडदा बसवला, ऑइल बदलले, शंभर किलोमीटर चालवून पट्टी पुन्हा पाहिली. पातळी जागच्या जागी.

मी म्हटले, ‘लिही, इथेनॉल.’ पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, हे सगळेच सांगतात.

ती म्हणाली, ‘बाबा, पडदा वीस वर्षांचा होता. नुसत्या वयानेही चिरला असेल. उलटं करून पाहिलंय का आपण?’

तिने तिसऱ्या रकान्यात लिहिले, ‘पंपाचा पडदा चिरला.’ का चिरला, त्यासाठी खाली एक ओळ मोकळी सोडली आणि वही मिटली.