सेसना सायटेशन टेन: ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावर

सायटेशन टेन हे अमेरिकेच्या सेसना कंपनीचं मध्यम आकाराचं खासगी जेट विमान. पहिलं उड्डाण १९९३ मध्ये. कमाल वेग मॅक ०.९२, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ९२ टक्के.

एवढ्या वेगात खरी अडचण पंखांची असते. विमान ध्वनीपेक्षा हळू चाललं, तरी पंखावरून वाहणारी हवा तो वेग ओलांडते. तिथे धक्कालहरी उठतात आणि हवेचा विरोध एकदम वाढतो. हे लांबवण्यासाठी पंख तब्बल ३७ अंश मागे वळवले आहेत. ताकदीसाठी शेपटाजवळ दोन एई ३००७ इंजिनं. याच जातीची दोन इंजिनं पन्नास आसनी एम्ब्रेअर विमान ओढतात. इथे प्रवासी जेमतेम डझनभर! साहजिकच वेगाची किंमत इंधनात मोजावी लागते. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं.