फुलब्राइट, जेम्स विल्यम

(९ एप्रिल १९०५ – ९ फेब्रुवारी १९९५). अमेरिकन कायदेपंडित, आर्कान्सा विद्यापीठाचे अध्यक्ष, पुढे तीस वर्षे सेनेटर आणि त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती योजनेचे जनक. जन्म मिझुरी राज्यातील सम्नर येथे. ते तान्हे असतानाच कुटुंब आर्कान्सामधील फेएटव्हिलला राहायला आले. वडील जे फुलब्राइट शेती, बँक आणि इतर धंद्यांतले मोठे प्रस्थ होते. ते १९२३ मध्ये अचानक वारले आणि सगळा पसारा आई रोबर्टा यांच्या अंगावर पडला. रोबर्टा यांनी धंदे तर सांभाळलेच, शिवाय गावातले वर्तमानपत्रही चालवले आणि त्यात राज्यकर्त्यांविरुद्ध सडेतोड लिहिले. या लिखाणाची झळ पुढे मुलाला बसली.

आर्कान्सा विद्यापीठातून १९२५ मध्ये पदवी मिळवताना फुलब्राइट यांचे नाव अभ्यासापेक्षा फुटबॉलच्या मैदानावर अधिक गाजत होते. त्याच वर्षी त्यांना रोड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि ते ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाले. तिथे रोनाल्ड मॅकॅलम हे त्यांचे शिक्षक. पदवीनंतर काही काळ ते युरोपात हिंडले, व्हिएन्नात वार्ताहरांच्या संगतीत राहिले. परक्या देशात राहून शिकल्याने माणूस किती बदलतो हे त्यांनी स्वतःवरूनच ताडले होते आणि आपल्या योजनेचे मूळ रोड्समध्ये आहे, हे ते उघडपणे सांगत. मात्र रोड्स शिष्यवृत्तीत विद्यार्थी एकाच दिशेने, ऑक्सफर्डकडे जातात. फुलब्राइट यांनी वाहतूक दोन्ही बाजूंनी सुरू केली.

वॉशिंग्टनमध्ये कायद्याची पदवी (१९३४), न्याय खात्यात थोडी नोकरी आणि थोडे अध्यापन असा प्रवास करून ते १९३६ मध्ये आर्कान्सा विद्यापीठात कायदा शिकवू लागले. १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, ते विद्यापीठाचे अध्यक्ष (आपल्याकडचे कुलगुरू) झाले. अमेरिकेत त्या वेळी त्यांच्याहून तरुण विद्यापीठ-अध्यक्ष नव्हता. दोनच वर्षांत होमर ॲडकिन्स गव्हर्नर झाले. रोबर्टाबाईंच्या वर्तमानपत्राने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली होती. नवे नियामक मंडळ आले आणि १९४१ मध्ये फुलब्राइट यांना पदावरून दूर करण्यात आले. १९४४ च्या सेनेट उमेदवारीच्या लढतीत त्यांनी याच ॲडकिन्स यांना हरवले. कुलगुरूपद टिकले असते तर ते राजकारणात उतरले असते का, याची शंकाच आहे.

सेनेटमध्ये नव्यानेच आलेल्या फुलब्राइट यांनी सप्टेंबर १९४५ मध्ये एक विधेयक मांडले. वरवर पाहता ते अगदी रुक्ष होते: १९४४ च्या शिलकी मालमत्ता कायद्यात एक दुरुस्ती. महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याचे ट्रक, जीप, यंत्रे आणि अन्नधान्य जगभर पडून होते. हा माल मायदेशी नेणे परवडणारे नव्हते आणि तो विकत घ्यायला त्या-त्या देशांकडे डॉलर नव्हते. फुलब्राइट यांनी सुचवले की माल तिथेच विकावा, पैसे तिथल्याच चलनात घ्यावेत आणि ते तिथेच शिक्षणावर खर्च करावेत. अमेरिकी करदात्याच्या खिशातून नवा पैसा मागायचा नव्हता, त्यामुळे कुणी हरकत घेण्याचे कारण उरले नाही. सेनेटमध्ये चर्चा न होताच विधेयक संमत झाले. चर्चा टाळण्यात फुलब्राइट यांची चतुराई होती, कारण परक्या विचारांच्या संसर्गाने आपली पोरे बिघडतील अशी धास्ती असणारे सेनेटर सभागृहात होतेच. अध्यक्ष ट्रूमन यांनी १ ऑगस्ट १९४६ रोजी त्यावर सही केली. एका देशासाठी एकूण २ कोटी डॉलर आणि वर्षाला १० लाख डॉलर, अशी खर्चाची मर्यादा होती.

या कल्पनेला पूर्वाधार होते. चीनकडून बॉक्सर बंडाबद्दल वसूल केलेल्या दंडातला काही भाग अमेरिकेने चिनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी परत दिला होता. पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमच्या मदतनिधीतील शिलकेतूनही शिष्यवृत्त्या निघाल्या होत्या. फुलब्राइट यांनी हे दाखले पुढे केले आणि जे एकेका देशापुरते झाले होते त्याला सर्वत्र लागू पडणाऱ्या कायद्याचे रूप दिले.

योजनेची एक अडचण सहसा सांगितली जात नाही. रुपये, लिरा किंवा क्याट अमेरिकेत चालत नाहीत. त्यामुळे मूळ कायद्याखाली परदेशात जाणाऱ्या अमेरिकी प्राध्यापकाचे घरभाडे, पगार, पुस्तके सगळे भागत असे, पण अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या हाती फक्त प्रवासखर्च पडे. बोटीचे तिकीट मिळाले तरी न्यूयॉर्कला उतरल्यावर फी आणि खोलीभाडे कुणी द्यायचे? हे पैसे विद्यापीठांकडून किंवा खासगी संस्थांकडून मिळवावे लागत. १९४८ च्या स्मिथ–मंट कायद्याने यासाठी डॉलरची तरतूद केली आणि १९६१ च्या फुलब्राइट–हेज कायद्याने सगळे विस्कळीत धागे एकत्र आणले. परदेशी सरकारांनाही आपला वाटा घालण्याची सोय त्यानंतर झाली.

निवड राजकारण्यांच्या हाती जाऊ नये यासाठी दोन कड्या लावल्या होत्या. वर अध्यक्षांनी नेमलेले, पण खात्यांपासून स्वतंत्र असे शिष्यवृत्ती मंडळ आणि प्रत्येक देशात दोन्ही बाजूंच्या सभासदांचा द्विराष्ट्रीय आयोग. पहिला करार नोव्हेंबर १९४७ मध्ये चीनशी झाला, पाठोपाठ ब्रह्मदेशाशी. चीनमधील सत्तांतरानंतर तिथले काम बंद पडले, ते सत्तरच्या दशकाअखेरीस पुन्हा सुरू झाले. परदेशी विद्यार्थ्याने शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आजही कायम आहे. अमेरिकेत स्थायिक होण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांना ती जाचक वाटते. मूळ हेतू लक्षात घेता ती योग्यच म्हटली पाहिजे.

भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला, म्हणजे प्रजासत्ताकाला आठवडा होतो न होतो तोच. युद्धकाळातील मालाच्या हिशेबातले रुपये संपत आले तेव्हा पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हाचे रुपये कामी आले. रेशनच्या दुकानातून घरोघर गेलेल्या त्या धान्याची किंमत भारत रुपयांत चुकती करत होता आणि त्यातला एक वाटा शैक्षणिक देवाणघेवाणीला मिळत होता. याच रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी होऊ लागली. अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांचे जे साठे आढळतात, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी या खरेदीत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकलेले कवी ए. के. रामानुजन १९५९ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवरच इंडियाना विद्यापीठात गेले आणि पुढे शिकागोत रमले. जुलै २००८ च्या नव्या करारानंतर भारत या खर्चात बरोबरीचा भागीदार झाला आणि शिष्यवृत्तीला फुलब्राइट–नेहरू असे नाव मिळाले. ती चालवणाऱ्या प्रतिष्ठानाचे एक विभागीय कार्यालय मुंबईत आहे.

योजनेच्या जगभरच्या माजी विद्यार्थ्यांची संख्या ४ लाखांवर गेली असून त्यांत ६० हून अधिक नोबेल विजेते आहेत. बांगलादेशाचे मुहम्मद युनूस आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले बुट्रोस घाली ही माजी विद्यार्थ्यांतली ठळक नावे.

फुलब्राइट यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू झाकता येत नाही. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला विरोध करणाऱ्या १९५६ च्या दक्षिणी जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. १९५७ मध्ये त्यांच्याच राज्यात, लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णी मुलांना लष्कराच्या पहाऱ्यात जावे लागले, तेव्हा ते गप्प राहिले. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा या दोहोंविरुद्ध त्यांनी मत दिले. मतदारांना दुखावले असते तर सेनेटमधली जागा गेली असती, असा बचाव केला जातो. पण हाच माणूस १९५४ मध्ये सेनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी चौकशी उपसमितीला पैसे नाकारणारे एकमेव मत देऊन ८५ जणांविरुद्ध उभा राहिला होता. धैर्य होते. आर्कान्सातल्या काळ्या मुलांसाठी ते त्यांनी खर्च केले नाही.

१९५९ ते १९७४ या काळात ते सेनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते. व्हिएतनाम युद्धाला मोकळीक देणारा १९६४ चा टोंकिन ठराव त्यांनीच सभागृहात पुढे रेटला. नंतर त्याचा त्यांना पश्चात्ताप झाला. १९६६ मधील त्यांच्या जाहीर सुनावण्या दूरचित्रवाणीवरून घराघरात पोचल्या आणि युद्धविरोधी मत पक्के करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७४ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत डेल बम्पर्स यांनी त्यांचा पराभव केला. १९९३ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. विद्यार्थिदशेत क्लिंटन यांनी फुलब्राइट यांच्या समितीच्या कचेरीत काम केले होते.

जून २०२५ मध्ये शिष्यवृत्ती मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. निवड झालेल्यांची नावे सरकार राजकीय कारणांनी डावलत आहे, असा त्यांचा आक्षेप होता. फेएटव्हिलच्या विद्यापीठात फुलब्राइट यांचा पुतळा २००२ पासून उभा आहे. त्यांच्या वर्णविषयक भूमिकेमुळे तो हटवावा अशी शिफारस विद्यापीठाच्याच समितीने केली होती. २०२१ मध्ये नियामक मंडळाने पुतळा आणि महाविद्यालयाला दिलेले त्यांचे नाव, दोन्ही ठेवण्याचा निर्णय घेतला.