आंबेनळीची जीप आणि चाकांची थरथर

पोलादपूरच्या मामांची सीजे थ्री बी जीप त्यांच्यामागे माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पुढच्या अ‍ॅक्सलला आडवा बांधलेला एक लहान शॉकअप तेल गाळत होता. गॅरेजच्या भाषेत हा स्टेअरिंग डँपर. स्टेअरिंगला हिसके बसू नयेत म्हणून मामांनी तो कधीतरी मागाहून बसवून घेतला होता. जुना काढून नवा टाकायचा, एवढेच काम घेऊन मी महाडला गेलो. दुकानदाराने तीन नग समोर ठेवले आणि विचारले, “यातला कुठला देऊ?” मला सांगता येईना. त्या एका प्रश्नामागे मी पुढे वर्षभर फिरलो.

आधी रस्ता. महाड हे सावित्रीवरचे जुने बंदर; तिथले मीठ बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्याला जाई. प्रतापगडाच्या पायथ्याशी असलेल्या पारावरून ही वाट चढे. रडतोंडीचा घाट त्याच डोंगरातला, आणि 1659 साली अफझलखानाची फौज पारला उतरली तीही याच मुलुखात. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चाकांसाठी वेगळा रस्ता खोदला आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड (1867 ते 1872) यांचे नाव दिले. नाव कागदावर राहिले. लोक आंबेनळीच म्हणत आले. सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरचे महाबळेश्वर आणि सपाटीवरचे पोलादपूर यांच्यातले चाळीसेक किलोमीटर म्हणजे एकामागून एक वळणे. जुलै 2018 मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस याच घाटात कोसळली. 2021 च्या जुलैत पावसाने रस्ताच जागोजागी वाहून नेला. त्या दुर्घटनांचा माझ्या विषयाशी संबंध जोडायचा नाही. पण इथल्या माणसाला स्टेअरिंगची काळजी पुस्तकात वाचून वाटत नाही, एवढे खरे.

आता थरथर. इंग्रजीत तिला ‘शिमी’ म्हणतात, आणि हे नाव पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत गाजलेल्या खांदे हलवण्याच्या एका नाचाचे आहे! 1923 साली फायरस्टोन कंपनीने कमी हवेचे फुगीर ‘बलून’ टायर आणले, त्याच सुमारास पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि तोवर निमूट चालणाऱ्या मोटारी ठरावीक वेगाला पुढची चाके डावी-उजवी झटकू लागल्या. कारण असे : दोन्ही चाके एकाच ताठ अ‍ॅक्सलवर. एक चाक खड्ड्यातून उसळले की अ‍ॅक्सल तिरका होतो. फिरते चाक भोवऱ्यासारखे असते. त्याला तिरके केले की ते आडवे वळू पाहते. वळताना ते अ‍ॅक्सलला पुन्हा हलवते आणि हे चक्र स्वतःलाच खाऊपिऊ घालत वाढते. मॉरिस ऑली या अभियंत्याने जनरल मोटर्समध्ये यावर काम केले. 1934 साली त्या कंपनीच्या गाड्यांना पुढची चाके सुटी टांगणारी रचना मिळाली, त्यामागे हे एक कारण होते. रशियात केल्डिश यांनी 1945 साली विमानाच्या पुढच्या चाकाच्या थरथरीचे गणित मांडले. आपल्याकडे जुन्या बुलेटच्या हँडलवर मधोमध एक गोल खुंटी असे. ती पिळली की हँडल जड होई. डँपरच तो, फक्त तेलाऐवजी घर्षणावर चालणारा.

जीप मात्र ताठ अ‍ॅक्सलचीच राहिली, कारण तिला दगडधोंड्यांतून जायचे होते. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या. अमेरिकेत 1953 साली निघालेली उंच बॉनेटची थ्री बी मग इथलीच होऊन गेली. तिच्या चाकांना वळवणारे नकल वर-खाली दोन बेअरिंगांवर फिरतात आणि त्यांचा ताण पातळ शिम घालून बसवलेला असतो. बेअरिंग झिजले की ताण जातो, आणि थरथरीला दार उघडे मिळते.

हे मला महाडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवले. त्यांनी आधी डँपर काढून टाकला आणि म्हणाले, “जरा हायवेला चक्कर मारून या.” घाटात दुसऱ्या गियरमध्ये जीप कधी थरथरली नव्हती. सपाटीला पन्नासच्या आसपास एक खड्डा लागला आणि स्टेअरिंग हातातून सुटायला निघाले. परत आलो तेव्हा त्यांनी चाक जॅकवर घेतले, टायरॉड सोडवला आणि मासळीबाजारातल्यासारखा स्प्रिंगचा काटा नकलला अडकवून ओढला. काटा जेमतेम हलला, नकल मात्र सहज फिरले. “तात्या म्हणायचे, हे बसवल्यापासून गाडी सुतासारखी चालते. चालत कुठली, दाबून धरली होती.” मामांच्या त्या गाडीतून आंबेनळीच्या वाड्यांवरची आजारी माणसे दवाखान्यात आली आहेत. मी बराच वेळ बोललो नाही.

बेअरिंग, शिम आणि टायरॉडचे दोन एंड बदलले, चाके बॅलन्स केली. मग पुन्हा डँपर काढूनच चक्कर मारली, थरथर नाही. आता दुकानदाराच्या प्रश्नाला अर्थ आला. गॅस भरलेला नग मी नाकारला. गॅस दांड्याला सतत बाहेर ढकलतो आणि एकाच बाजूला बसवला तर स्टेअरिंग एका अंगाला ओढते. दुसरा होता साधा उभा बसवायचा शॉकअप. आडवा ठेवला की त्यातली हवा तेलाच्या वाटेत येते. शिवाय उभ्या शॉकअपचा विरोध दोन्ही दिशांना सारखा नसतो, इथे तो सारखा लागतो. तिसरा आडव्या कामासाठीच होता. त्याची चाल आम्ही पूर्ण डाव्या ते पूर्ण उजव्या वळणापर्यंत टायरॉड सरकवून मोजली आणि दोन्ही टोकांना बोटभर जागा राहील असे पाहिले. ती कमी पडली असती तर आंबेनळीच्या पहिल्याच उलट्या वळणावर चाकाऐवजी डँपर अडला असता. सगळ्यांत कडक नगही नको होता : वळण सरल्यावर स्टेअरिंगने आपसूक सरळ व्हायला हवे, आणि घाटात हे दर मिनिटाला लागते.

दिवाळीच्या आधी मामीला घेऊन महाबळेश्वरहून उतरलो. पोलादपूर मागे टाकून महाडच्या सपाटीला लागलो तशी ती माझ्या हातांकडे बघत राहिली. “इथं आलं की तुझे मामा बोलायचे बंद व्हायचे,” ती म्हणाली. “दोन्ही हातांनी गच्च धरायचे. मला वाटायचं, दमलेत.”