आणेवारी, खानेसुमारी आणि उर्दू शाळेचा बाक

आपल्या वऱ्हाडात पिकाचा अंदाज काढण्याची जुनी रीत म्हणजे आणेवारी. पटवारी शेताच्या धुऱ्यावर उभा राहायचा, उभ्या पिकावरून नजर फिरवायचा आणि सांगायचा, यंदा दहा आणे, यंदा सहा आणे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. या नजरेच्या मोजणीवर सारा सूट मिळायची किंवा मिळायची नाही. पटवाऱ्याची नजर वाईट होती असे कोणी म्हणणार नाही. पण तो कोणत्या धुऱ्यावर उभा राहिला, हे त्याच्या चालण्यावर होते. सडकेला लागून असलेले काळ्या मातीचे शेत त्याला दिसायचे, टेकडीच्या उतरणीवरचे बरड दिसायचे नाही.

ही रीत मोडण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच अकोला जिल्ह्यात झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या कामात पानसे आणि कळमकर या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी येथे कपाशीच्या उत्पन्नाची नमुना पाहणी केली. पद्धत अशी, की जिल्ह्याचे आधी भाग पाडायचे, प्रत्येक भागातून चिठ्ठ्या टाकून गावे काढायची, गावातून शेते, शेतातून एक लहान तुकडा. त्या तुकड्यातला कापूस वेचून तोलायचा. नजर नाही, तराजू. पुढे याच धर्तीवर देशभर पीककापणीचे प्रयोग रुजले. ते रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा वाटा मोठा. सुखात्मे लंडनला शिकायला गेले तेव्हा तेथे नेमन यांनी १९३४ मध्ये नमुना निवडीवरचा आपला गाजलेला निबंध नुकताच वाचला होता. नेमन यांचे म्हणणे थोडक्यात असे : सगळे एकाच टोपलीत टाकून चिठ्ठ्या काढू नका. आधी एकसारख्यांचे वेगळे ढीग करा, मग प्रत्येक ढिगातून चिठ्ठ्या काढा, आणि ज्या ढिगात आतल्या आत फरक जास्त आहे त्यातून जास्त काढा. अशा ढिगाला मराठीत 'स्तर' म्हणतात. सुखात्म्यांनी १९३५ मध्ये याच विषयावर स्वतःचा निबंध लिहिला, आणि १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत बसून तो विचार भारताच्या शेतात उतरवला.

उर्दू शाळेतला मास्तर कपाशीवर का लिहितो आहे, असे वाचकांना वाटेल. कारण कपाशीला जो न्याय मिळाला तो आमच्या वर्गातल्या बाकावर बसणाऱ्या मुलाला अजून पुरता मिळालेला नाही.

स्तर पाडायचे तर आधी कोण किती आहे हे माहीत हवे. म्हणजे खानेसुमारी हवी. मराठीतला हा जुना शब्द फारसीतून आला, खाना म्हणजे घर. उर्दूत आपण मर्दुमशुमारी म्हणतो, मर्दुम म्हणजे माणसे. एकाने घरे मोजली, दुसऱ्याने माणसे. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८६७ मध्ये येथे पहिली शिरगणती झाली. १८८१ मध्ये सबंध हिंदुस्थानची एकाच वेळी खानेसुमारी झाली, त्यात वऱ्हाडची वस्ती सुमारे २६ लाख ७३ हजार भरली. मुसलमान त्यात सुमारे ७ टक्के. पण हे ७ टक्के सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते. इमादशाहीची राजधानी राहिलेले अचलपूर, मोगली अमलातले बाळापूर, अकोट, अमरावती असे ते कसब्यांत आणि बाजारपेठांत दाटलेले होते. पिंजारी, मोमीन, बागवान, शिपाईगिरी करणारी घराणी, हे सगळे गावाच्या वेशीत नव्हे तर शहराच्या मोहल्ल्यात राहत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे ती फार कामाची आहे.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, हंटर आयोग नेमला गेला. महात्मा फुले यांनी याच आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली, ते आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. त्याच आयोगाने मुसलमानांच्या तालिमीबद्दल ज्या शिफारशी केल्या त्यांतली एक मात्र कोणी शिकवत नाही. शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालात मुसलमानांच्या शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण असावे, अशी ती शिफारस होती. म्हणजे सरासरीत विरघळू न देता वेगळे मोजा. इंग्रजांचा यात हेतू काय होता यावर वाद घालता येईल आणि घालावाही. फूट पाडण्याचे बीज त्यात होतेच. पण वेगळे मोजल्याशिवाय वेगळे दुखणे दिसत नाही, हेही खरे.

आता एक हिशेब करून पाहू. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के होती आणि मुसलमानांची ७८.१ टक्के. हे आकडे घेऊन अनेकांनी भाषणे केली. काहींनी म्हटले, पाहा, मुसलमान मागे आहेत हा कांगावाच आहे. आपल्यातल्याही काहींनी अभिमानाने मान डोलावली. पण राज्याची जेमतेम ४२ टक्के वस्ती तेव्हा शहरी होती, मुसलमानांची मात्र सुमारे ७० टक्के. शहरी महाराष्ट्राची साक्षरता ८५.५ होती, ग्रामीण ७०.४. म्हणजे मुसलमान जिथे राहतात तिथल्या सर्वसाधारण माणसाइतकेच ते शिकलेले असते, तर त्यांचा आकडा ८१ च्या आसपास यायला हवा होता. आला ७८.१. म्हणजे पुढे असल्याचा जो भास झाला तो शहरात राहण्याचा होता, शिकण्याचा नव्हता. शहर आणि खेडे हे दोन स्तर वेगळे न केल्याने चित्र चक्क उलटे दिसले. २००६ च्या सच्चर समितीचा आणि २०१३ च्या महमूदुर रहमान समितीचा अहवाल वाचताना हा हिशेब मनाशी ठेवला पाहिजे.

साक्षरता ही घरोघरच्या मोजणीची गोष्ट झाली. मूल प्रत्यक्षात काय शिकले, हे मोजायला नमुनाच घ्यावा लागतो. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी 'असर' पाहणी दर जिल्ह्यात जनगणनेच्या यादीतून ३० गावे निवडते आणि प्रत्येक गावात २० घरे. मूल वाचू शकते का, वजाबाकी-भागाकार करू शकते का, हे दारात बसून पाहिले जाते. फार मोलाचे काम. पण ही पाहणी ग्रामीण आहे. अकोल्याचा बैदपुरा तिच्यात येत नाही, अमरावतीतले मोहल्ले येत नाहीत, अचलपूर येत नाही. पटवारी सडकेच्या धुऱ्यावर उभा होता, येथे उलट आहे. शेत दिसते, सडक दिसत नाही.

सरकारी बाजूने एनसीईआरटीचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आहे. १३ नोव्हेंबर २०१७ ला ते प्रथमच जिल्हावार मोठ्या प्रमाणावर झाले : सुमारे १ लाख १० हजार शाळा, २२ लाख मुले. पण त्यात फक्त सरकारी आणि अनुदानित शाळा होत्या. १२ नोव्हेंबर २०२१ ला खासगी शाळाही आल्या आणि मुले ३४ लाखांवर गेली. ४ डिसेंबर २०२४ ला 'परख' सर्वेक्षण झाले, ७८१ जिल्ह्यांत, ७४,२२९ शाळांत. शाळांची यादी यू-डायस या शाळानिहाय माहितीसंचातून घेतली जाते. त्या माहितीसंचात शाळेचे माध्यम आहे, मुस्लिम मुलांची पटसंख्याही आहे. निकाल मात्र मुलगा-मुलगी, ग्रामीण-शहरी, शाळेचे व्यवस्थापन आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, सर्वसाधारण एवढ्याच फोडींनी दिले जातात.

अशा एका सर्वेक्षणात मी स्वतः क्षेत्रीय अन्वेषक म्हणून एका शाळेत गेलो होतो. वर्गात मुले जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकून ३० निवडली. मुलांचा सामाजिक प्रवर्ग भरण्याची वेळ आली. एका मुलाचे आडनावच बागवान. वर्गशिक्षकांनी सांगितले, सर्वसाधारण लिहा. मी म्हणालो, सर, बागवान तर ओबीसीत आहेत. ते म्हणाले, "दाखला कोठे आहे? त्याच्या वालिदांनी काढलाच नाही." दाखला नाही म्हणून ते मूल 'सर्वसाधारण' झाले. त्याच्या शेजारच्या बाकावरचा दुसरा बागवान 'इतर मागास' होता, त्याच्या मामाला तहसीलची वाट ठाऊक होती एवढाच फरक. दोघांनी एकच पुस्तक वाचले, एकाच फळ्यावरून उतरवले, आणि देशाच्या आकडेवारीत दोन वेगळ्या रकान्यांत गेले. मुसलमान मुले अशी विरघळतात.

म्हणून मुसलमान असा स्वतंत्र स्तर करावा का? माझे मत थोडे वेगळे आहे. आपली पुष्कळ मुले मराठी शाळांत आहेत, पुष्कळ इंग्रजी शाळांत. हे पान वाचणारे बहुतेक मराठी शाळेतूनच आले असतील. या सगळ्यांचे दुखणे एक नाही. शिकण्याशी ज्याचा थेट संबंध आहे ते माध्यम. पुस्तक उशिरा येणे, विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी राहणे, प्रशिक्षण मराठीतून होणे आणि शिकवणे उर्दूतून, हे सगळे माध्यमाला चिकटलेले आहे. तेव्हा स्तर करायचा तर माध्यमाचा करावा. धर्माच्या रकान्याने भिणाऱ्यांचे भय त्याने कमी होईल आणि काम जास्त होईल. माझे काही मित्र याला पळवाट म्हणतात. म्हणोत.

यातले गणित अवघड नाही. समजा एका जिल्ह्यात १००० शाळा आहेत, त्यांत ८० उर्दू. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका टोपलीत टाकून ६० काढल्या, तर सरासरीने पाचेक उर्दू शाळा याव्यात. पण नशिबाने दोनही येतील, आठही येतील. दोन आल्या आणि त्या दोन्ही शहरातल्या नामांकित संस्थेच्या निघाल्या, तर उर्दू शाळा उत्तम चालल्या आहेत असे दिसेल. वेगळा स्तर करून प्रमाणात घेतल्या तर पाच नक्की येतील, पण पाच शाळांवरून काही ठाम बोलता येत नाही. म्हणून मुद्दाम जास्त घ्याव्या लागतात. उर्दू ८० मधून २०, बाकी ९२० मधून ४०. मग जिल्ह्याची सरासरी काढताना प्रत्येक उर्दू शाळा ४ शाळांची प्रतिनिधी आणि दुसरी प्रत्येक २३ शाळांची, असे वजन लावायचे. वजन लावायला विसरले तर सगळे बिघडते, कारण नमुन्यात तिसरा हिस्सा उर्दू शाळांचा झालेला असतो आणि जिल्ह्यात त्या शेकडा आठच आहेत. अमेरिकेत १९६९ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय मूल्यमापनात काळ्या आणि स्पॅनिशभाषक मुलांच्या शाळा अशाच जास्त प्रमाणात घेतल्या गेल्या, म्हणून त्यांच्या शिकण्याविषयी तिथे आकड्यांनिशी भांडता येते.

अडचण आणखी एक आहे. वजने ज्या मोजणीवर उभी करायची ती मोजणी जुनी झाली आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात मुसलमान ११.५ टक्के होते, अमरावती जिल्ह्यात सुमारे १५, अकोल्यात साधारण पाचात एक. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता नव्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. दरम्यान कितीतरी खेडी रिकामी होऊन शहराच्या कडेला वसली. मागचे आकडे जुळवायला बसलो तर १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम वेगळा झाला, त्यामुळे १९९१ चा अकोला आणि २००१ चा अकोला हे दोन वेगळे जिल्हे आहेत, हेही विसरून चालत नाही. मी एकदा विसरलो होतो आणि एका सभेत तोंडघशी पडलो होतो.

'परख'च्या २०२४ च्या परीक्षेत तिसरी, सहावी आणि नववीची मुले बसली. त्या वर्षी तिसरीत असलेले मूल २०२७ ची प्रगणना होईल तेव्हा पाचवीत असेल. प्रगणक म्हणून बहुधा आम्हा शिक्षकांनाच दारोदार जावे लागेल. बैदपुऱ्यातल्या जिन्यांवर, लालखडीच्या गल्ल्यांत, वही घेऊन.