टर्बोचे रेंगाळणे

सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक एटापल्लीत आपण पाहतो. जुना टर्बोवाला ट्रक ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर रेंगाळतो, काळा धूर ओकतो, मगच जोर धरतो. समोरून बस येत असेल तर तो क्षण फार मोठा वाटतो!

बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंनी टर्बाइन फिरवून इंजिनात जादा हवा भरण्याचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली मागितले. १९२०च्या दशकात ही युक्ती जहाजांवर यशस्वी झाली. जहाज तासन्‌तास एकाच वेगाने चालते. तेथे रेंगाळणे खटकले नाही. ट्रकचा वेग मात्र सतत बदलतो. टर्बाइनने वेग घेईपर्यंत डिझेल आधी पोचते, हवा मागाहून; म्हणून धूर. पंपावर हवेच्या दाबाने चालणारा पडदा बसवून डिझेल रोखले, तर धूर घटला, पण ट्रक मंदच राहिला. रेंगाळणे कमी केले ते हलक्या, लहान चक्रांनी आणि पुढे वायूची वाट गरजेप्रमाणे अरुंद करणाऱ्या हलत्या पात्यांनी.